पावसात ठेवलेली म्हातारी

रामटेके सर पहिल्यांदा माझ्या दारात आले ते फ्रीझरमध्ये जागा मागायला.

"तुमच्या गॅरेजमध्ये मोठा आडवा फ्रीझर आहे नं? दार उघडं असलं की दिसतो. त्यात पंधरा दिवस एकीला ठेवायचं होतं."

कॉव्हेंट्रीतल्या त्या घरात येऊन आम्हाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. शेजारचे उंच, वाळके, सत्तरीचे गृहस्थ नागपूरकडचे आहेत, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेत आणि एकटे राहतात, एवढंच कळलं होतं. मी दार अर्धवट धरूनच विचारलं, "एकीला म्हणजे?"

"लाकडाची आहे," ते घाईने म्हणाले. "किडा लागून राहिला तिला. थंडीनं मरतो तो. माझ्या फ्रीझरमध्ये तिचे पाय मावत नाहीत."

दुसरी कोणी असती तर दार लावून घेतलं असतं. पण मी घरांची तपासणी करते. भाड्याच्या घरांत ओल कुठून येते, बुरशी का धरते, कुठली तुळई कुजली आहे, हे बघून रिपोर्ट लिहायचा, हे माझं गेल्या वीस वर्षांचं काम. लाकूड पोखरणारा किडा मला माहीत होता आणि सरांनी सांगितलेला उपाय बरोबर होता. मी मटारची पाकिटं बाजूला केली. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून चिकटपट्टीने बंद केलेली, दीड हात लांबीची ती बाई सरांनी दोन्ही हातांवर आडवी धरून आणली आणि हळूच आत ठेवली. वर मी मटार, मोदक आणि चपात्या रचल्या.

संध्याकाळी नवरा गॅरेजमधून ओरडला, "मंजिरी, मोदकांच्या खाली कोण झोपलंय?"

"शेजारच्यांची म्हातारी," मी म्हणाले. त्यांनी तसंच सांगितलं होतं.

पंधरा दिवसांनी म्हातारी घरी गेली, तेव्हा मी सरांची पुढची खोली पहिल्यांदा पाहिली. नोव्हेंबरातली दुपार होती. तीन वाजताच उजेड पातळ झाला होता आणि जाळीच्या पडद्यातून तो आत यायचा तेव्हा खोली पाण्याखाली असल्यासारखी दिसायची. त्या उजेडात चौदा जण उभे होते. पॅसिफिक समुद्रातल्या बेटांवर मेलेल्यांसाठी, पूर्वजांसाठी, कुठल्या कुठल्या अदृश्य मंडळींसाठी कोरलेल्या लाकडी आकृती. एकाचं नाक हनुवटीपर्यंत आलेलं. एकाच्या छातीवर पक्षी बसलेला. एक नुसताच चेहरा, खाली आकड्यासारखे दोन हात. बेटावर त्याला जेवणाची टोपली टांगत, सर त्याला छत्री टांगत. लाल, काळा, पांढरा, एवढेच रंग. मी व्यवहारी बाई आहे, मला असल्या गोष्टींचं काही होत नाही. पण त्या खोलीत मी नेहमीपेक्षा हळू बोलायला लागले, हे खरं आहे.

"हे सगळे तुम्ही तिकडून आणले?"

"छे. तिकडे मी तीन वर्षं शाळेत शिकवलं, न्यू आयर्लंड नावाचं बेट आहे, पापुआ न्यू गिनीचं. ही मंडळी इथलीच. कोणाचे आजोबा मिशनरी होते, कोणाचे जहाजावर. म्हातारे मेले की नातवंडं माळा रिकामा करतात. चर्चच्या सेलमध्ये, कार बूट सेलमध्ये, जुन्या टोस्टरच्या शेजारी मिळालेत मला हे. तो मोठा नाकवाला तर दार उघडं राहावं म्हणून खाली लावला होता एका दुकानात."

प्रत्येकाच्या पायाशी एक कार्ड होतं. शिक्षकी अक्षर, तीन ओळी. कोणी केली: माहीत नाही. कोणासाठी केली: माहीत नाही. माझ्याकडे कशी आली: आणि इथे मात्र तारीखवार सगळं. मी म्हटलं, पहिल्या दोन ओळी सगळीकडे सारख्याच आहेत, मग लिहायच्या कशाला?

"माहीत नाही हे पण उत्तर आहे, मंजिरीताई. पूर्ण मार्क. अर्धवट माहीत असून ठोकून देणाऱ्याला शून्य."

हे ते दिवसातून चार वेळा म्हणत. टपाल कधी येईल, सूप कशाचं आहे, पंतप्रधान टिकेल का, सगळ्याला "माहीत नाही, पूर्ण मार्क". शर्टच्या खिशात अजून खडूचा तुकडा असायचा. सकाळी पडदे उघडताना ते खोलीला "बसा" म्हणत. कोणी बसत नसे.

म्हातारीचं कार्ड मात्र उलटं होतं. पहिल्या दोन ओळींत उत्तरं होती. कोणी केली: टोमासचा मामा. कोणासाठी केली: टोमासची आई. आणि तिसरी ओळ कोरी. मी तेव्हा ते पाहिलं आणि विसरले. दुसऱ्याच्या भिंतीवरचा ओलीचा डाग आपण विचारल्याशिवाय दाखवू नये, ही कामातली सवय.

सरांची एक जुनी छोटी निळी गाडी होती. तिच्या काचेमागे मुठीएवढं काळं लाकडी डोकं चिकटवलं होतं, पुढे तोंड करून, शिंपल्याच्या चकत्या जडवलेलं. सॉलोमन बेटांवर होडीच्या नाकाशी असलं डोकं बांधत, पाण्याला अगदी टेकेल असं. ते पुढचे खडक बघायचं आणि पाण्यातली भुतं पिटाळायचं. सरांकडचं पर्यटकांसाठी केलेलं नवं होतं. ते जुनं म्हणून खपवायचा मोह त्यांना कधी झाला नाही. त्याच्या कार्डावर ठळक अक्षरात "नक्कल" असं होतं. मी एकदा त्यांच्याबरोबर किराणा आणायला गेले. सर ताशी वीस मैलांनी चालले होते आणि मागे लोक हॉर्न वाजवत होते.

"सर, जरा वेग वाढवा."

"त्याला खड्डे दिसले पाहिजेत नं," डोक्याकडे बोट करून ते म्हणाले. "बिचाऱ्याला खडकांची सवय. कौन्सिलचे खड्डे नवीन आहेत त्याला."

एका उन्हाळ्यात माझी मावशी पुण्याहून आली होती. तिला मी सरांकडे नेलं. ती दारातच थबकली. "अहो, एवढी भुतं घरात घेऊन राहता, भीती नाही वाटत?"

"मावशी, मी बौद्ध माणूस. मी आत्माच मानत नाही, तर भूत कुठून आणू?"

"मग ही कशाला ठेवलीत?"

"ज्यांनी केली ते मानत होते नं. माझ्या मानण्या न मानण्याशी त्यांना काय देणंघेणं? पाहुणे आहेत. पाहुण्याला कोणी विचारतं का, तुझा माझ्यावर विश्वास आहे का म्हणून?"

मावशी तासभर तिथे बसली. निघताना दारातून वळून म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्याचं नाक आमच्या ह्यांच्यासारखं आहे. उद्या येऊ का परत?" आणि रोज जात राहिली. त्या खोलीचं असं होतं. तिथे वेळ पुढे जायचा नाही, नुसता तळाशी बसायचा.

म्हातारीची गोष्ट मला सरांनी सांगितली ती दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात. त्या आधीच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांच्या फुप्फुसांकडे बघून साधारण एक वर्ष सांगितलं होतं. हे त्यांनी मला कचऱ्याचे डबे बाहेर काढताना सांगितलं. आणि मग म्हणाले, "चहाला या. एक कार्ड पुरं करायचं आहे."

बाहेर धुकं होतं. समोरची घरं दिसत नव्हती, फक्त खिडक्यांचे पिवळे चौकोन तरंगत होते. म्हातारी मध्ये, टेबलावर. तिच्या अंगावरून मासे वर चढत होते आणि डोक्यावरून पक्षी खाली झेपावत होता. डोळे म्हणजे समुद्री शंखाची हिरवट झाकणं. कुठेही बसा, ती तुमच्याकडेच बघायची.

"तिकडे माणूस मेलं की लगेच नाही," सर म्हणाले, "वर्षा-दोन वर्षांनी मोठा विधी करतात. मलगन म्हणतात त्याला. महिनोन्‌महिने खपून असल्या आकृती कोरतात. सगळं गाव जमतं, डुकरं कापतात, रडतात, नाचतात. आणि एकदा सगळ्यांनी पाहिलं की संपलं. त्या रानात नेऊन टाकतात. कुजायला. ती कुजली की मेलेलं माणूस खरं गेलं. मागे राहिलेले मोकळे."

टोमास हा शाळेतला सुतार. सरांचा तिथला एकमेव मित्र. त्याच्या आईचा विधी सर आणि त्यांची बायको सुमनताई दोघांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी सर फिरायला गेले, तर रानात पाचोळ्यावर म्हातारी आडवी पडलेली. पाऊस नुकताच थांबला होता. झाडांवरून थेंब गळत होते आणि तिचे डोळे उघडे होते.

"मी चोर नाही, मंजिरीताई. मला वाटलं, टाकून दिली आहे. इतकी सुंदर, आणि टाकून दिली. आमच्या घरात कधी काही टाकलं नाही कोणी. फुटका माठ पण कशाला न कशाला लागायचा." ते खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. "माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. भंडाऱ्याकडे, विड्या वळायची. फोटो नाही तिचा. एकही नाही. चेहरा गेला माझ्या डोक्यातून. हात आठवतात फक्त, तेंदूच्या पानावर कातरी चालवणारे. आणि इथे कोणाची तरी आई पाचोळ्यात पडलेली. मी उचलली."

"सुमनताई काय म्हणाल्या?"

"जिथली तिथे ठेवून या म्हणाली. दोनदा म्हणाली. मग तीस वर्षं तिनंच रोज फडकं मारलं हिला. म्हातारी हे नाव पण तिचंच." सुमनताई मी तिथे राहायला येण्याच्या चार वर्षं आधी गेल्या होत्या. "टोमासला मी कधी सांगितलं नाही. ट्रंकेत घातली आणि आलो."

त्यांनी पेन उघडलं आणि तिसऱ्या ओळीत लिहिलं: न विचारता उचलून आणली.

मी म्हटलं, परत पाठवा. त्यात एवढं काय? त्यांनाही तेच वाटत होतं. शाळेचा पत्ता शोधला, ईमेलने पत्र पाठवलं. टोमास वारला होता. उत्तर आलं त्याच्या मुलीचं, रोझाचं, मोबाइलवर. ती तिथे नर्स आहे. सरांनी ते मला वाचायला दिलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तिनं इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा:

"सर, तुम्ही तिला नेलंत हे बाबांना माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. तुमच्या ट्रंकेचं झाकण लागत नव्हतं. बाबा म्हणायचे, त्याला पाहिजे असेल. इकडे पाठवू नका. तिचं काम तेव्हाच झालं. तो आकार कोरायचा हक्क आता माझ्या भावाकडे आहे, त्याच्या डोक्यात आहे. लागेल तेव्हा तो नवी करतो. तुम्ही फक्त तिला संपू द्या. आमच्या आजीला चाळीस वर्षं थंडीत उभं ठेवलंत. आता पुरे." पुढे एक हसरा चेहरा.

सर खिडकीपासून वळले आणि म्हणाले, "फ्रीझरचं तिला कळवू का?"

"नका कळवू," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले, वही घेऊन, सर्व्हेअरकडे येतात तसे. "मॅडम, प्रश्न असा. लाकूड लवकरात लवकर कुजायला काय करावं?"

वीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांच्या बागेत गेले. उत्तरेकडची भिंत, ऊन कधीच नाही, वरून गळकी पन्हळ. ती दुरुस्त करा म्हणून मी पाच वर्षं त्यांच्या मागे लागले होते. "इथे," मी म्हणाले. "थेट मातीवर. खाली विटा नकोत. अंगाभोवती पाला."

"बघा, बरं झालं नं पन्हळ नाही केली?"

मग मी ओल मोजायचं यंत्र म्हातारीच्या पाठीला लावलं. त्याच्या दोन सुया लाकडात टोचतात आणि आकडा येतो. वीसच्या वर गेला तर लाकूड कुजतं. नऊ आला. चाळीस वर्षं सरांनी तिला दरसाल मेण चोळलं होतं, किड्याची औषधं पाजली होती. मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "सर, अशीच ठेवली तर दहा वर्षं लागतील."

"मला तेवढी सुट्टी नाही," ते म्हणाले.

म्हणून आम्ही तिला धुतलं. बाथटबमध्ये, कोमट पाण्याने, साबणाने, मऊ ब्रशने. सर गुडघ्यांवर बसायचा हट्ट करत होते. मी त्यांना स्टुलावर बसवलं. ते पाणी ओतत होते, मी घासत होते. पाणी आधी दुधाळ झालं, मग तांबूस, मग काळं. मेण गेलं तसं लाकूड उघडं पडलं, फिकट, अगदी हलकं, नुकतं तासल्यासारखं. सर तिचा एकेक मासा हाताने पुसत होते. पाणी फार गरम नाही नं, असं त्यांनी विचारलं. मला की तिला, हे मी विचारलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी म्हातारी पन्हळीखाली उभी राहिली. बाकीच्या तेरा जणांचं काय करायचं ते एका संग्रहालयाबरोबर आधीच ठरलं होतं; ती कार्डांसकट तिथे जाणार होती.

सुजाता त्याच आठवड्यात आली. सरांची एकुलती मुलगी, वॉटफर्डला असते, अकाउंटंट आहे. किचनच्या खिडकीतून तिनं बागेत पाहिलं आणि ओरडलीच. "बाबा! ती बाहेर काय करते?"

"रिटायर झाली," सर म्हणाले.

मग ती कुंपणाशी माझ्याकडे आली. मराठी तिचं इथेच वाढलेल्या मुलीचं. "काकू, तू तरी सांग ना त्याला. ती माझी पण आहे. मी लहान होता तेव्हापासून ती बघते मला. एक्झामच्या आधी मी तिला हात लावून जायची. आई गेली, आता बाबा... मग घरात काय राहणार मला?"

मी म्हणाले, "ते मला माहीत नाही."

"पूर्ण मार्क," ती रागानेच म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. ती हसता हसता रडली. मी तिला टिश्यू दिला.

हिवाळाभर सर खिडकीत बसून बाहेर बघत. पाऊस इकडे पडतो म्हणायचं, खरं तर तो लोंबकळत राहतो. म्हातारी त्यात हळूहळू धूसर होत गेली. आधी पाय काळे पडले. मग एका माशाच्या पाठीवर शेवाळ आलं. डिसेंबरात एक रॉबिन तिच्या डोक्यावरच्या लाकडी पक्ष्यावर रोज येऊन बसायचा, आणि लांबून कुठला कोण ते कळायचं नाही. मी दर शनिवारी सुया टोचून आकडा सांगायचे. चौदा. सतरा. सर वहीत लिहून घेत. एकोणीसला आकडा तीन आठवडे अडकला, तेव्हा सर चिडले. "ही अशीच करणार. शेवटच्या मार्कासाठी रडवणार."

फेब्रुवारीत त्यांना हॉस्पिटलात हलवलं. जाताना स्ट्रेचरवरून किल्ली माझ्या हातात दिली. "आत आणू नका तिला. काही झालं तरी."

"नाही आणणार," मी म्हणाले.

चार दिवसांनी वादळ आलं. सुजाताचा फोन आला हॉस्पिटलातून, दुपारी. "काकू, प्लीज, तिला आत घे. नुसतं टॉवेलवर ठेव. बाबा घरी आला की मी बोलते त्याच्याशी."

"मी त्यांना शब्द दिलाय, सुजाता."

"इट्स नॉट युवर फॅमिली, काकू!"

"बरोबर आहे," मी म्हणाले. "म्हणूनच शब्द मोडता येत नाही. तुला आणायची असेल तर तू आण. तुझा हक्क आहे."

फोन ठेवल्यावर मी रेनकोट चढवून गेले. म्हातारी पडली नव्हती. पन्हळीतून पाण्याची धार तिच्या खांद्यावर पडत होती आणि मानेच्या खाली, सुपारीएवढ्या, फिकट नारिंगी रंगाच्या तीन छत्र्या उगवल्या होत्या. मी कामावर असते तर तातडीचा शेरा मारला असता. सुया टोचल्या. सव्वीस.

संध्याकाळी भेटीच्या वेळात हॉस्पिटलात गेले. सरांच्या नाकाला नळी होती. सुजाता माझ्याकडे बघत नव्हती. मी वाकून सांगितलं, "सव्वीस, सर. बुरशी धरली."

त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "पास."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाता वडिलांचे कपडे न्यायला आली, तेव्हा तिला मी बागेत जाताना पाहिलं. ती आणायलाच गेली होती. तिनं म्हातारीला दोन्ही बाजूंनी धरलं, आणि एक डोळा सुटून तिच्या तळहातावर पडला. ती तशीच उभी राहिली. शंखाचं हिरवट झाकण, ओलं. ते तिनं खिशात घातलं. मग काढलं. मग खाली वाकून पाल्यात, म्हातारीच्या पायाशी ठेवलं, आणि आत निघून गेली.

सर एप्रिलमध्ये गेले. एक वर्ष झालं त्याला. घर सुजातानं अजून विकलेलं नाही; महिन्यातून एकदा येते, माझ्याकडे चहा घेते. म्हातारी आता कमरेपर्यंतच आहे. मासे गेले, पक्षी गेला. पन्हळ गळते आहे आणि मी त्याबद्दल कोणाला काही कळवलेलं नाही.

पण मला सर आठवतात ते मार्चमधले. आठवडाभर घरी सोडलं होतं त्यांना. मी माझ्या घरी वरच्या खोलीत, खिडकीशी चादरींच्या घड्या करत होते. बाहेर बारीक पाऊस होता, इतका बारीक की दिसतच नव्हता, फक्त बाग जरा लांब गेल्यासारखी वाटत होती. सर ड्रेसिंग गाऊन घालून हळूहळू बागेत आले, आकड्यावरची ती जुनी छत्री घेऊन. मागे सुजाता. म्हातारीसमोर येऊन ते थांबले. काही बोलले का ते मला ऐकू आलं नाही. बघता बघता त्यांच्या हातातली छत्री कलली. आधी थोडी, मग पुरती तिच्या डोक्यावर. सर स्वतः भिजत होते आणि त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. सवयच ती, चाळीस वर्षांची.

सुजाता पुढे झाली. तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला, छत्रीचा दांडा धरला, आणि सरळ केला.